न बोलायच्या शब्दांची वही

कोपरला पश्चिमेला कल्पिताला सगळे 'शब्दवाल्या बाई' म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, हे तिने कधी विचारलं नाही. भाजीवाली सहज म्हणाली, "ताई, कोथिंबीर हिरमुसलीय आज," की बाई पिशवी तिथेच खाली ठेवणार, पर्समधून कागद काढणार आणि 'हिरमुसलेली कोथिंबीर' टिपून घेणार. मागची गिऱ्हाइकं खोळंबली तर खोळंबली. नवरा म्हणायचा, "हिला बाजारात पाठवलं तर भाजी येत नाही, भाषा येते." नौपाड्यातल्या एका छापखान्यात तिने तीस वर्षं मुद्रितं तपासली. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, जे समोर येईल ते. ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरून अक्षर न् अक्षर वाचायचं. तिची स्वतःची दोन लहानशी पुस्तकंही निघाली. पाच-पन्नास लोकांनी वाचली असतील, त्यातल्या तिघांनी पत्रं पाठवली, आणि बाईंना तेवढं वर्षभर पुरलं.

पण जीव अडकला होता तो एका वहीत. वहीवर लिहिलं होतं, 'न बोलायचे शब्द'. माणसं ज्या गोष्टीचं नाव घ्यायला घाबरतात, तिला काय म्हणून चालवून नेतात, ते सगळं त्यात होतं. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, तेही वाढवतात. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. अंगावर फोड उठले तर बाया आल्या, त्यांना मान द्यायचा. तिच्या माहेरी तर तांदूळ कधी संपलेच नाहीत, डबा फक्त 'भरायला यायचा'. चाळीस वर्षांत असे चारशेच्या वर शब्द तिने जमवले होते. माहेरच्या कोलशेतचे, कोपरचे, छापखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे.

हे सगळं डाव्या पानावर. उजव्या पानावर खरा शब्द यायला हवा होता, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. तिथे बाईंनी प्रत्येक वेळी पहिलं अक्षर लिहिलं होतं आणि पुढे टिंब. 'लांबडं' याच्या समोर 'सा.' एवढंच. एका प्रकाशकाने वही चाळून तिला सरळ विचारलं होतं, "बाई, हे कोडं छापायचंय का कोश?" ती हसली, वही घेऊन घरी आली, आणि पुढे बारा वर्षं ती वही कुठल्याही प्रकाशकाकडे गेली नाही. दुसऱ्याच्या लिखाणातली एक वेलांटी न सोडणाऱ्या बाईला स्वतःच्या वहीत चार अक्षरं पुरी करता येत नव्हती. कारण विचारलं तर म्हणायची, पद्धत आहे माझी. खरं कारण भीती होतं.

ती सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. बाप, काळुराम, कोलशेतच्या मिठागरात कामाला. दिवेलागणीच्या वेळी पोरांच्या खेळात कल्पिता मोठ्यांदा ओरडली, "साप! साप!" नुसता खेळ होता, दोरी होती. आई, हौसाबाई, चुलीपुढून उठून आली आणि तिने पोरीच्या तोंडावर हात दाबला. "या येलेला नाव नाय घेवाचा. नाव घेतला का येतंय." तिसऱ्या दिवशी पहाटे मिठागराच्या बांधावर काळुरामला जनावर चावलं. ठाण्याला नेईपर्यंत तो गेला.

हौसाबाईंनी पोरीला त्यावरून कधी दोष दिला नाही. एक शब्दसुद्धा नाही. पोरीने मात्र तो घेतला आणि पन्नास वर्षं सांभाळला. पुढे ती शिकली, पदवीधर झाली, चार पुस्तकं वाचली, असं काही नसतं हे दुसऱ्यांना पटवून देऊ लागली. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काय खोटं आहे? शब्दांवर तिचं प्रेम होतं ते असं, विस्तवावर असावं तसं. ऊब घ्यायची, पण हात लांब ठेवून.

हौसाबाई म्हणजे कोलशेतची धवलारीण. आगरी लोकांच्या लग्नात देवाब्राह्मणाच्या बरोबरीने जिचा मान, ती धवला गाणारी बाई. हळदीपासून मांडव उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्या जिभेवर. कागद नाही, वही नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तिचा आवाज पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत पोचायचा. नवरा गेल्यावर तिने मिठागरात डोकीवरून मीठ वाहिलं, आणि लग्नसराईत विधवा म्हणून कुणी कुजबुजलं तर त्याच्याच दारात जास्त चढा आवाज लावला. जमिनी विकल्या गेल्या, मिठागराच्या जागी टॉवर उभे राहिले, धाकटा भाऊ जगन चौदाव्या मजल्यावर राहायला गेला आणि आईला घेऊन गेला. तरी लग्न ठरलं की लोक त्या चौदाव्या मजल्यावर पानसुपारी घेऊन जायचे. धवलारणीने सुपारी घेतली की ते लग्न तिचं. ती सुपारी परत करणं हा मोठा अपशकुन.

गेल्या मार्गशीर्षात हौसाबाईंच्या जिभेच्या कडेला एक फोड आला. आयुष्यभर मिश्री लावलेलं तोंड, फोड काही नवा नव्हता. पण हा बरा होईना. कल्पिताने त्यांना नौपाड्यात एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तुकडा तपासायला पाठवला. सोमवारी रिपोर्ट घ्यायला कल्पिता आणि जगन दोघंच गेले.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या आणि कल्पिता समोरच्या टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत होती. त्यांनी तो शब्द तीनदा उच्चारला, दर वेळी अगदी साध्या आवाजात, आणि दर वेळी हिने त्यातली पेनं पुन्हा मोजली. जिभेचा जवळजवळ अर्धा भाग काढावा लागेल. लवकर कळलंय, जीव वाचेल, आशा चांगली आहे. बोलणं पूर्वीसारखं राहणार नाही. सरावाने थोडंफार येईल.

"आणि गाणं?" कल्पिताने विचारलं.

"गातात का त्या?" डॉक्टरीणबाई थांबल्या. "नाही. गाणं येणार नाही." मग त्या म्हणाल्या, "आधी रक्ताच्या वगैरे तपासण्या करून घ्या. पुढच्या गुरुवारी त्यांना घेऊन या, सही त्यांची लागेल. ऑपरेशन त्यानंतरच्या सोमवारी. पण एक सांगते, त्यांना माहीत नसेल तर मी हात लावणार नाही. तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल."

बाहेर येऊन जगनने गाडीचं दार उघडलं आणि तिथेच उभा राहिला. धिप्पाड माणूस, हातात दोन अंगठ्या, तोंडचं पाणी पळालेलं. "ताई, आईला काय बोलायचं नाही हां. मी ऐकलेलं, आमच्या सोसायटीतल्या एकाला सांगितलं न् तो आठ दिवसांत गेला. टेन्शननेच. आपण दाताचं सेप्टिक झालंय, त्यानेच फोड आलाय बोलू. दात काढायचाय. बस्स."

"आणि शुद्धीवर आल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू ना. आजचं मरण उद्यावर."

तोंडातून गेलेला शब्द ऐकून तो स्वतःच दचकला. कल्पिताने मात्र मान हलवली. खरं तर तिला इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाची तिला लाज वाटली. दात. किती छान शब्द. घरी आल्यावर तिने वही काढली, डाव्या पानावर लिहिलं 'दाताचं सेप्टिक', आणि उजव्या पानावर 'कॅ.' पुढच्या अक्षरासाठी पेन टेकवलं. तिने टिंब दिलं आणि वही मिटली.

तर अशा रीतीने हौसाबाईंना दात झाला. रक्त घेतलं, दातासाठी. छातीचा फोटो काढला, तोही दातासाठी. "येका दाताला कवरा खर्च करतंव रे," म्हातारी कुरकुरली, पण गेली. लेकरं शिकलेली, लेकरं सांगतात ते खरं.

शनिवारी दुपारी जगनचा फोन आला. आवाज बसलेला. "ताई, लोचा झाला. आपल्या आळीतली नयन आलेली. तिच्या कृतिकाचं लग्न आहे, ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी. आईने सुपारी घेतली."

"तू कुठे होतास?"

"खाली, पार्किंगला. वर आलो तर नारळ देव्हाऱ्यात. आई बोलते, दात काढल्यावर चार दिस जातील, मंग मी मोकली."

कल्पिता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. आता हे नुसतं आईचं आणि त्यांचं राहिलं नव्हतं. मांडव पडेल, हळद दळली जाईल, पोरीला पाटावर बसवतील आणि सगळ्या बाया हौसाबाईंच्या तोंडाकडे बघतील. आई ज्या आवाजाच्या जोरावर गावात ताठ उभी राहिली, तो आवाज आपण दोघांनी मिळून तिला न विचारता काढून घेतलेला असेल, आणि तिला ते कळेल कधी, तर हाक मारायला तोंड उघडेल तेव्हा. हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

तरी ती रविवारी गेली नाही. सोमवारी गेली नाही. मंगळवारी रिक्षा करून निघाली आणि अर्ध्या वाटेतून परत आली. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, कंबर धरलीय. रात्री तिला जेवण जाईना. मनातल्या मनात ती वाक्यं जुळवायची आणि खोडायची. 'कर्करोग' म्हणावं का? छापील शब्द, आईला कळणार नाही, आणि सांगितल्यासारखंही होईल. ही युक्ती सुचल्यावर तिला क्षणभर बरं वाटलं आणि मग स्वतःची किळस आली. चारशे शब्द जमवले, पण त्यातला प्रत्येक शब्द लपायची जागा होता. उघड्यावर उभं राहायला एक नव्हता. आणि सगळ्यांच्या तळाशी तेच जुनं, लहान पोरीचं भय: नाव घेतलं की येतं. आपण बोलू आणि आई तिसऱ्या दिवशी जाईल.

बुधवारी दुपारी ती कोलशेतला पोचली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. हौसाबाई बाल्कनीत फरशीवर पाय पसरून बिरड्यासाठी वाल सोलत बसल्या होत्या. खाली टॉवरांच्या पलीकडे खाडी दिसत होती. कल्पिता समोर बसली, मूठभर वाल घेतले, सोलू लागली. दोन सोलले, तीन चुरले.

"काय झालाय तुना?" हौसाबाई म्हणाल्या. "थोबार कनाला उतरलाय?"

आईपुढे कल्पिताची बोली आपोआप कोलशेतची व्हायची. "आये, तुजे दाताला काय झाला नाय."

"मंग?"

आत कुणीतरी तोंडावर हात दाबून धरलाय असं तिला वाटलं. खाडीकडून वारा आला, सालं उडाली. आता बोलली नाही तर उद्या टेबलापलीकडची परकी बाई बोलेल, एवढं एकच तिला दिसत होतं.

"कॅन्सर हाय," ती म्हणाली. "जिबेला. अर्धी जीब कापाची हाय. जीव वाचंल, डाक्टरीन बोलली. पन बोलना साफ नाय येवाचा. आन गाना… गाना नाय येवाचा."

हौसाबाईंचे हात थांबले. कल्पिता त्यांच्या छातीकडे बघत होती, श्वास चालू आहे ना ते.

"कवा कललं तुमाला?"

"गेल्या सोमवारी."

"नव दिस." हौसाबाईंनी मान वर केली. डोळ्यांत पाणी नव्हतं, आग होती. "नव दिस तुमी मना दात दात करतंव, आन मी नयनचे पोरीची सुपारी घेऊन बसलंय? पाटावर बसवून ठेवली असती मी तिला. मी मुकी, आन ती माजे तोंराकरं बघतंय. यो इचार नाय आला तुमाला?"

"भ्यालंव आये. नाव घेतला तं…"

"नाव नाय घेतला तं गेला का त्यो?"

हौसाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या लग्नाला नेसायचं लुगडं नेसून, हातात नयनचा नारळ आणि सुपारी. "चल," म्हणाल्या.

"मी जाऊन सांगतंय. तू बस."

"सुपारी मी घेतलीय. सांगाचा पन मीच. माजे तोंराननं. अजून हाय तवर."

नयनचं घर जुन्या आळीत, पाच मिनिटांवर. पडवीत चार-पाच बाया लग्नाचे तांदूळ निवडत होत्या. धवलारीण आली म्हणून सगळ्या हसत उठल्या, कृतिका पाया पडायला वाकली. कल्पिताला वाटलं, इथून पळून जावं. हौसाबाई बसल्या नाहीत. पाणी नको म्हणाल्या. नारळ आणि सुपारी त्यांनी पाटावर ठेवली.

"नयन, मना कॅन्सर झालाय. जिबेला. सोमवारी कापतान. तुजे पोरीचा धवला मी नाय गावाची. दुसरी धवलारीन बघ. माजेवर रागावू नुको."

एका बाईने कानाच्या पाळ्या धरल्या. दुसरी 'अगो बाय' म्हणून मागे सरकली. नयनने आधी लेकीला हाताला धरून दाराआड केलं, अगदी पटकन, विचार करायच्या आत, आणि मग तिला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं. "असा नुको बोलू गो मावशे, शुभकार्य हाय," ती पुटपुटली. पुढे होऊन तिने सुपारी उचलली, पण हाताने नाही, पदराच्या टोकाने. कल्पिताने ते बघितलं. हौसाबाईंनीही बघितलं. ज्या घरात तीन पिढ्यांची लग्नं त्यांनी गाऊन लावली, त्या घरात त्यांच्या हातची सुपारी पदरात धरून उचलली गेली.

"सुखाचा संसार कर गो पोरी," दाराकडे बघून हौसाबाई म्हणाल्या, आणि वळल्या.

आळीच्या टोकापर्यंत त्या ताठ चालल्या. कल्पिता अर्धं पाऊल मागे. उन्हं अजून होती, पोरं क्रिकेट खेळत होती, कुणी "आजी, येता का आमच्याकडं?" म्हणालं, त्यालाही त्यांनी मान हलवली. वळणावर, जिथून पडवी दिसत नाही, तिथे हौसाबाई थांबल्या. हात मागे करून त्यांनी चाचपडत लेकीचं मनगट धरलं. मीठ वाहिलेला, कुणापुढे न वाकलेला तो हात कल्पिताने असा आधार शोधताना कधी पाहिला नव्हता.

"कल्पे."

"काय गो आये?"

"मना भ्यॅव वाटतंय."

बापाला घरी आणलं त्या सकाळीसुद्धा आई हे बोलली नव्हती. कल्पिताला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. होईल सगळं ठीक, डॉक्टर चांगल्या आहेत, असलं काहीतरी. तोंडाशी आलेलं तिने गिळलं.

"मना पन," ती म्हणाली.

हौसाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग मनगटावरची पकड घट्ट केली.

"मंग सोमवारी मना आत नेईपरत यो हात सोरू नुको."